वर्षाचा कर, महिन्याचा पगार

घरखर्चाचा हिशेब महिन्याचा असतो. वाण्याची उधारी, दूध, घरभाडे, मुलांच्या क्लासची फी, कर्जाचा हप्ता हे सारे महिन्याच्या तारखांना बांधलेले असते. प्राप्तिकराचा हिशेब मात्र वर्षाचा. एक एप्रिल ते एकतीस मार्च या काळात माणसाने एकूण काय कमावले, त्यावर त्याचा कर ठरतो. पगार बाराही महिने सारखा असेल तर या दोन कालगणनांमध्ये तंटा होत नाही. वर्षाच्या कराचे बारा सारखे भाग करायचे आणि दरमहा एक भाग कापायचा, की काम झाले.

पण असा सारखा पगार हाती येणाऱ्यांची गोष्ट सोपी म्हणूनच आपण ती नियम समजून बसलो आहोत. औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला इन्सेंटिव्ह तिमाहीला मिळतो. कामगाराचा ओव्हरटाइम मागणीप्रमाणे वरखाली होतो. बोनस दिवाळीला येतो. बोनसच्या १९६५ च्या कायद्यातले किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ तेरावा पगारच. शिक्षकांच्या वेतनवाढीची थकबाकी काही वर्षांनी एकदम हाती पडते. कुणाची बिनपगारी रजा होते, कुणाची नोकरीच जाते. नटाला नाइट मिळते, अनुवादकाला मानधन मिळते. ते केव्हा आणि किती, हे आधी सांगता येत नाही.

मी नोकरीची बरीच वर्षे एका कारखान्याच्या वेतन विभागात काढली. खिडकीशी येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असे : ‘साहेब, याच महिन्यात एवढा टॅक्स कसा कापला?’ त्याचे उत्तर देता देता मला या विषयाची गोडी लागली आणि निवृत्तीनंतर इतर देशांच्या पद्धतीही वाचून पाहिल्या. वर्ष संपल्याखेरीज वर्षाचे उत्पन्न कळत नाही आणि सरकार तर वर्ष संपेपर्यंत थांबायला तयार नाही. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी अंदाज करायचा. तो अंदाज चुकला तर त्याची झळ कुणी सोसायची, हा या लेखाचा विषय आहे.

अंदाजाचा कायदा

हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थसदस्याने तो आणला. जुलैमध्ये कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यातच वारले. कर मात्र येत-जात राहिला आणि १८८६ नंतर कायमचा झाला. पगारातून परस्पर कपात करण्याची व्यवस्था १९२२ च्या कायद्यात कलम १८ मध्ये होती. १९६१ च्या कायद्यात ती कलम १९२ मध्ये आली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, तेव्हा कलमांचे आकडे बदलले. पगारावरच्या कपातीचे तत्त्व मात्र तेच राहिले.

हे तत्त्व असे. पगार देणाऱ्याने कर्मचाऱ्याचे त्या आर्थिक वर्षाचे पगाराचे उत्पन्न अंदाजायचे. त्या अंदाजावर वर्षाचा कर काढायचा. त्या कराचे उत्पन्नाशी जे सरासरी प्रमाण पडेल, त्या दराने प्रत्येक पगारातून कर कापायचा. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आणखी एक मुभा आहे : आधी कपात जास्त किंवा कमी झाली असेल, तर त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत ती कमी-अधिक करून जुळवून घेता येते. थोडक्यात, भारतीय पद्धत पुढे पाहते. एप्रिलमध्ये उभे राहून ती मार्चपर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आणते आणि दर महिन्याला तो चित्राप्रमाणे आहे का, हे तपासते.

उत्पन्न शेवटी शेवटी वाढले, तर काय होते ते पाहू. उदाहरणे २०२५-२६ या वर्षाची, नव्या करप्रणालीतली घेतो. यात ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. जो कर निघेल त्यावर ४ टक्के उपकर.

एका प्रतिनिधीचा ठरलेला पगार ८० हजार. वर्षाचे ९ लाख ६० हजार. वजावटीनंतर ८ लाख ८५ हजार. कर शून्य, म्हणून एप्रिलपासून कपातही शून्य. सप्टेंबरात त्याला दीड लाख इन्सेंटिव्ह मिळाला. तरीही करपात्र उत्पन्न १० लाख ३५ हजार, कपात शून्य. फेब्रुवारीत मोठी ऑर्डर आली आणि आणखी तीन लाख मिळाले. आता करपात्र उत्पन्न झाले १३ लाख ३५ हजार. त्यावर कर ८०,२५० आणि उपकर ३,२१०, मिळून ८३,४६० रुपये. वर्षाचे महिने उरले दोन. कपात समान वाटली तर प्रत्येक महिन्यात ४१,७३० रुपये. फेब्रुवारीचे जाणवत नाही, कारण हाती मोठी रक्कम आलेली असते. मार्चच्या ८० हजारांतून मात्र भविष्य निधी वगैरे कापण्याआधीच ३८,२७० उरतात. दहा महिने ज्याच्या पगारपत्रकात कराच्या रकान्यात शून्य होते, त्याला वाटते कुणीतरी आपल्याला लुटले. खरे तर त्याच्या करात एक रुपयाही जादा नाही. एकरकमी मिळकतीचा सगळा कर त्याच महिन्यात कापून घेण्याचीही एक रीत काही कंपन्यांत आहे. त्यात फेब्रुवारीतून ८३,४६० गेले असते आणि मार्च सुखाचा झाला असता. वर्षाची बेरीज दोन्हीकडे तीच. माझ्या मते दुसरी रीत घरच्या हिशेबाला अधिक सोसणारी आहे, कारण पैसा आणि त्यावरचा कर एकाच दिवशी भेटतात.

बदलत्या उत्पन्नाला याच टप्प्यावर आणखी एक खाच आहे. पगारदाराचे ढोबळ उत्पन्न १२ लाख ७५ हजारांच्या किंचित वर गेले, की सवलत जाते. टप्प्यांप्रमाणे कर एकदम साठ हजारांच्या पुढे उडी मारतो. ती उडी बोचू नये म्हणून मर्यादेपेक्षा जितके जास्त कमावले, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, असा दिलासा आहे. पण याचा अर्थ असा, की मर्यादेवरच्या दहा हजारांवर कर दहा हजार आणि उपकर चारशे. सुमारे सत्तर हजारांच्या पट्ट्यात जादा कमाई कमावणाऱ्याकडे राहतच नाही. ठरलेला पगार असणाऱ्याला आपण या पट्ट्यात आहोत की नाही हे एप्रिलातच कळते. ओव्हरटाइमवाल्याला ते मार्चमध्ये, घाम गाळून झाल्यावर कळते.

उतरती बाजू

उत्पन्न वाढले तर मार्च जड जातो, एवढेच. उत्पन्न कोसळले तर मात्र या पद्धतीची खरी कसोटी लागते.

समजा, संगणक क्षेत्रातल्या एका व्यक्तीचा पगार महिना अडीच लाख आहे. कंपनीने एप्रिलात वर्षाचा अंदाज ३० लाख धरला. वजावटीनंतर २९ लाख २५ हजार. उपकरासह कर ४,७५,८०० रुपये. दरमहा कपात ३९,६५०. जुलैअखेर कर्मचारीकपात झाली आणि नोकरी गेली. पुढचे आठ महिने काम मिळाले नाही. चार महिन्यांत कापला गेलेला कर १,५८,६००. वर्षाचे खरे उत्पन्न मात्र १० लाख. वजावटीनंतर सव्वानऊ लाख. त्यावरचा कर शून्य.

म्हणजे सारेच्या सारे १,५८,६०० रुपये त्याचे आहेत. पण ते मिळणार केव्हा? पुढची नोकरी नसल्यामुळे जुळवून घ्यायला पुढचा पगारच नाही. वर्ष संपायचे, मग विवरणपत्र भरायचे, त्यावर प्रक्रिया व्हायची आणि मग परतावा. ऑगस्टपासून मार्चपर्यंत, जेव्हा घराचे हप्ते थकतात आणि मुदत ठेवी मोडल्या जातात, तेव्हा हे पैसे सरकारी तिजोरीत असतात. परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज आहे, परंतु विवरणपत्र वेळेत भरले तरी ते मोजले जाते वर्ष संपल्यानंतरच्या एक एप्रिलपासून. निकडीच्या आठ महिन्यांचे व्याज नाही. अंदाज केला कंपनीने, तो चुकला बाजारामुळे, आणि बिनव्याजी उधार दिले त्या बेकार माणसाने.

मागे पाहणारी पद्धत

हे अटळ आहे का? नाही, आणि ते अटळ नाही हे दाखवून देणाऱ्या माणसाचा भारताशी जवळचा संबंध होता.

पॉल चेंबर्स हे ब्रिटिश करखात्यातले अधिकारी. १९३५-३६ मध्ये भारतातल्या प्राप्तिकराची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते, आणि त्यानंतर १९३७ ते १९४० या काळात भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार. त्या समितीच्या पाठोपाठ १९३९ मध्ये इथल्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याच सुमारास जुनी पायरीची पद्धत जाऊन आजची टप्प्यांची पद्धत आली. पायरीच्या पद्धतीत मर्यादा एक रुपयाने ओलांडली तरी सगळ्या उत्पन्नाला वरचा दर लागे. टप्प्यांत तो फक्त वरच्या भागाला लागतो.

चेंबर्स परतले तेव्हा ब्रिटन युद्धात होते. कर वाढले होते, सूट घटली होती आणि आजवर प्राप्तिकराच्या वाटेला न गेलेले लक्षावधी कामगार करदाते झाले होते. त्यांच्या मजुरीतून कर कापला जाई तो आधीच्या सहामाहीच्या कमाईवर. युद्धसामग्रीच्या कारखान्यात ओव्हरटाइम भरपूर असताना हे चाले. पण तो थांबला, माणूस आजारी पडला, की घटलेल्या मजुरीतून भरभराटीच्या दिवसांचा कर जायचा. युद्ध संपून मजुरी उतरेल तेव्हा काय, ही धास्ती होतीच. यावर चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली पद्धत म्हणजे ‘पे अ‍ॅज यू अर्न’, कमावता कमावता भरा. तिची घोषणा ज्या दिवशी व्हायची होती, त्या २१ सप्टेंबर १९४३ च्या सकाळीच अर्थमंत्री किंग्जली वूड यांचे निधन झाले. योजना मात्र ठरल्याप्रमाणे एप्रिल १९४४ मध्ये सुरू झाली.

तिची युक्ती साधी आहे. ही पद्धत पुढचा अंदाज करतच नाही. ती मागे पाहते. वर्षाची करमुक्त रक्कम बारा महिन्यांत वाटून टाकायची. दर महिन्याला विचारायचे : आजवर एकूण किती मिळाले? आजवरचा करमुक्त वाटा किती? उरलेल्यावर आजवरचा कर किती? त्यातला किती आधीच कापला? फरक तेवढा आज कापायचा. आणि फरक उणे आला तर? तर पगार देणाराच तो पगारासोबत परत करतो.

आजच्या आकड्यांत पाहू. करमुक्त रक्कम १२,५७० पौंड, म्हणजे महिना १,०४७.५० पौंड, पहिला दर २० टक्के. कामगाराला पहिल्या दोन महिन्यांत तीन-तीन हजार पौंड मिळाले. दर महिन्याला ३९०.५० कापले, एकूण ७८१. तिसऱ्या महिन्यात तो आजारी पडला, हाती फक्त ५०० पौंड. आजवरची कमाई ६,५००. करमुक्त वाटा ३,१४२.५०, उरले ३,३५७.५०, त्यावर कर ६७१.५०. कापून झाले ७८१. म्हणून त्या आजाराच्या महिन्यात त्याला ५०० पौंड पगार आणि १०९.५० पौंड कराचा परतावा मिळतो. पैसा परत येतो तो नेमका गरजेच्या महिन्यात. संगणकाच्या आधी हे सारे छापील कोष्टकांवर चाले, हे वेतन विभागात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला विशेष कौतुकाचे वाटते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती चालायला सरकारने प्रत्येकाला करसंकेतांक द्यावा लागतो आणि तो बरोबर असावा लागतो. एका माणसाच्या दोन-तीन नोकऱ्या असल्या की ती अडखळते. नव्या नोकरीत मागचा हिशेब पोचला नाही तर तात्पुरता संकेतांक लागतो आणि मागचे सारे विसरले जाते. म्हणूनच २०१३ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक पगाराची माहिती पगाराच्या दिवसापर्यंत करखात्याला कळवावी लागते.

अमेरिकेनेही १९४३ मध्येच पगारातून चालू वर्षाची करकपात सुरू केली, पण तिथली सर्वसाधारण पद्धत ना पुढे पाहते ना मागे. हाती आलेला पगार वर्षभर असाच मिळणार, असे गृहीत धरून प्रत्येक पगारावर वेगळा हिशेब होतो. पगार वरखाली झाला की बहुधा गरजेपेक्षा जास्त कापले जाते आणि पुढच्या वर्षी परतावा मिळतो. तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी मुलांच्या बोनसमधून सरसकट २२ टक्के कापलेले दिसतात, ते बोनसला स्वतंत्र दर लावण्याच्या मुभेमुळे. तो अंतिम कर नव्हे. अंतिम हिशेब विवरणपत्रातच होतो.

मानधनाची कथा

पगारदाराबाबत निदान कुणीतरी वर्षाचा अंदाज तरी करतो. मानधनावर जगणाऱ्याबाबत तेवढेही होत नाही. व्यावसायिक शुल्क किंवा रॉयल्टी देणाऱ्याने, एका वर्षात एका व्यक्तीला ५० हजारांवर रक्कम दिली तर, १९६१ च्या कायद्याच्या कलम १९४ जे खाली १० टक्के कापायचे. घेणाऱ्याचे एकूण उत्पन्न किती, हा प्रश्नच तिथे नाही.

ध्वनिमुद्रणात आवाज देणाऱ्या एका कलावंत बाईंना वर्षात तीन ठिकाणांहून एक लाख, ऐंशी हजार आणि साठ हजार मिळाले. एकूण दोन लाख चाळीस हजार. कापले गेले चोवीस हजार. त्यांचा कर शून्य. बँकेच्या व्याजासाठी ‘माझे उत्पन्न करपात्र नाही’ असा अर्ज देऊन कपात टाळता येते. मानधनाला तो अर्ज चालत नाही. कमी दराने कपातीचा दाखला करखात्याकडून आधी मिळवता येतो, पण तुटपुंज्या मानधनासाठी ती खटपट कोण करणार? उरतो मार्ग विवरणपत्राचा. एवढ्या उत्पन्नाला ते भरण्याची सक्ती नाही, आणि ‘आपल्याला कुठे टॅक्स लागतो’ म्हणून अनेक जण भरतही नाहीत. तिथेच हे चोवीस हजार, म्हणजे त्यांच्या दहा दिवसांतल्या एका दिवसाची कमाई, सरकारजमा राहते. एक गोष्ट या लेखातून लक्षात ठेवायची तर हीच : कर लागत नसला तरी कपात झाली असेल, तर विवरणपत्र भरावे. मुदत चुकली तरी उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. कुणी किती कापले, ते आपल्या करपत्रकात घरबसल्या दिसते.

वर्षाची भिंत

आतापर्यंतचा तंटा महिना आणि वर्ष यांच्यातला होता. पण वर्ष हे तरी कुठे निसर्गाने नेमून दिलेले माप आहे? दोन कलावंत घेऊ. एकाला दोन वर्षांत बारा-बारा लाख मिळाले. दुसऱ्याला पहिल्या वर्षी चार लाख आणि दुसऱ्या वर्षी, चित्रपट चालल्यामुळे, वीस लाख. खर्च वगैरे सोडले तर दोघांची कमाई चोवीस लाख. पहिल्याचा कर शून्य. दुसऱ्याचा २ लाख ८ हजार. श्रम तेच, पैसा तेवढाच. फरक फक्त तो कधी आला याचा.

या अन्यायाकडे अर्थशास्त्राचे लक्ष विल्यम विक्री यांनी १९३९ मध्येच वेधले होते. अनेक वर्षांच्या सरासरीवर कर आकारण्याची रीत त्यांनी मांडली. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले. अमेरिकेत १९६४ पासून सरासरीची सोय होती. १९८६ च्या सुधारणेत ती गेली आणि पुढे शेतकरी व मच्छीमारांपुरती परत आली. ब्रिटनमध्ये शेतकऱ्यांना आणि साहित्य-कलाकृतींच्या निर्मात्यांना सरासरीची सवलत आहे. ऑस्ट्रेलियातही शेतकरी, लेखक, कलावंत आणि खेळाडू यांच्यासाठी अशा तरतुदी आहेत. शेतकरी आणि लेखक एका रांगेत बसतात ते उगीच नाही. दोघांचेही पीक लहरी.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. इंग्रजांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या देखरेखीखाली तीस वर्षांसाठी रोख सारा बांधून दिला. पीक दरवर्षी वेगळे, सारा मात्र तोच. याचा जाच कमी करायला पिकाची आणेवारी काढून सूट-तहकुबी देण्याची रीत रुळली आणि पैसेवारी या नावाने ती आजही चालू आहे. उत्पन्न बुडाले तर मागणीही वाकली पाहिजे, हे सातबाऱ्याच्या जगात आपण कधीच मान्य केले आहे.

प्राप्तिकरात मात्र हे मोजक्याच ठिकाणी मान्य झाले. थकबाकीला दिलासा आहे (१९६१ च्या कायद्यात तो कलम ८९ मध्ये) : मागच्या वर्षांचा पगार आज मिळाला, तर तो त्या त्या वर्षी मिळाला असता तेव्हा जेवढा कर पडला असता, त्याहून जास्तीचा भार कमी करून मिळतो. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून धरला गेला, प्रत्यक्ष पगार २०१९ मध्ये वाढले. अशा थकबाकीसाठीच ही सोय. त्यासाठी ठरावीक अर्ज विवरणपत्राआधी भरावा लागतो, हे विसरल्याने कित्येकांचा दिलासा अडकतो. लेखकांसाठीही १९६१ च्या कायद्याने कलम १८० मध्ये विचार केला होता : बारा महिन्यांहून अधिक काळ खपून लिहिलेल्या कृतीचे उत्पन्न अनेक वर्षांवर विभागण्याचा. आज लेखकाला परिचित असलेली सवलत आहे ती पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंतच्या वजावटीची. आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. वजावट म्हणजे सरासरी नव्हे.

कर द्यायला नको, असे मी म्हणत नाही. पगारपत्रके करण्यात हयात गेलेला माणूस तसे म्हणूही शकत नाही. प्रत्येक पद्धतीत अंदाज चुकणारच. पण चूक सरकारच्या बाजूने झाली तर ती लगेच, पुढच्याच पगारातून दुरुस्त होते आणि करदात्याच्या बाजूची दुरुस्ती वर्ष संपण्याची वाट पाहते, हा तराजू सरळ नाही. कंपन्या आज तिमाहीला कपातीची माहिती देतात, पॅनवर प्रत्येक रुपया नोंदला जातो, परतावा थेट खात्यात येतो. छापील कोष्टकांवर १९४४ मध्ये जे जमले, ते आज इथे जमू नये असे यंत्रणेत काही उरलेले नाही. नोकरी गेलेल्या माणसाला त्याच वर्षी त्याचा कर परत मिळावा आणि लहरी पिकावर जगणाऱ्याला दोन-तीन वर्षांची सरासरी काढता यावी, एवढ्या दोन गोष्टी नव्या कायद्याच्या पुढच्या दुरुस्त्यांत आल्या, तर वर्षाने मोजणारे सरकार आणि महिन्याने जगणारे घर यांच्यातला बराचसा तंटा मिटेल.